फुंकनळीने दगड ओळखणं: अजून कोणी करतं का?

दगडू_पुणेकर
मंडळी, सरळ प्रश्न आहे. मी हौशी दगडगोळा माणूस, वाघोली, जळगाव, नाशिक पट्ट्यातले झिओलाइट (आत पाणी धरून ठेवणारी खनिजं) जमवतो (विकत घेऊन किंवा खाणवाल्याला विचारूनच, आधीच सांगतो म्हणजे त्यावर शंभर प्रतिसाद नकोत). सध्या घरात पांढऱ्या सुयांचे गुच्छ बरेच झालेत आणि विकणारा प्रत्येक जण वेगळं नाव सांगतो. एक म्हणतो स्कोलेसाइट, दुसरा नॅट्रोलाइट, तिसरा मेसोलाइट, भाव मात्र तिघांचाही चढाच. खनिजशास्त्राची जुनी पुस्तकं काढली तर प्रत्येक खनिजाखाली एक ओळ असतेच की फुंकनळीच्या (तोंडाने हवेचा झोत मारायच्या नळीच्या) ज्योतीत धरल्यावर हे फुगतं, ते वितळतं, ज्योत अमुक रंगाची होते वगैरे. नव्या पुस्तकांतून ती ओळ गायब. तर हे घरी करता येतं का, शिकायला किती अवघड, आणि आजच्या काळात त्याला काही अर्थ आहे की नुसती जुन्याची हौस?

कोळसाछाप
आमच्याकडे फुंकणीने चूल पेटायची आणि आजीच्या हातात असली की आमची पाठ. खनिज वगैरे कधी नाही निघालं त्यातून बा.

एक्सरेवाला
थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हातात धरायचं एक्सआरएफ (क्ष-किरणांचं) यंत्र येतं, दगडावर टेकवलं की मिनिटाभरात मूलद्रव्यं पडद्यावर. रामन (लेझरच्या प्रकाशाचं यंत्र) लावलं तर थेट खनिजाचं नाव. फुंकनळी म्हणजे बैलगाडीतून मुंबईला जाण्यासारखं आहे, पोचाल, पण का?

निवृत्त_रसायन
एक्सरेवाले, यंत्र तुमच्या लॅबमधे आहे, दगडूंच्या घरात नाही, इतकाच मुद्दा आहे की :)

दगडू, घरी नक्की करता येतं. प्रॅक्टिकलला आम्ही ही नळी वर्षानुवर्षं मुलांच्या हातात दिली. पितळेची, टोकाशी काटकोनात वळलेली नळी, मधे थुंकीची ओल अडकायला छोटीशी डबी, आणि टोकाला अगदी बारीक भोक. काम एवढंच की साध्या ज्योतीवर हवेचा बारीक झोत मारून ती आडवी, टोकदार आणि जास्त गरम करायची. नीट जमलं की तांब्याची बारीक तार टोकाशी वितळते, म्हणजे हजार अंशाच्या वर गेलात (तांबं १०८५ ला वितळतं).

पण खरी गोम तापमानात नाहीये, ज्योतीचा कुठला भाग वापरताय त्यात आहे. नळीचं टोक ज्योतीच्या थोडं आत घातलं आणि जोरात फुंकलं की निळा, स्वच्छ शंकू मिळतो, त्याच्या टोकाच्या जरा पुढे ऑक्सिडायझिंग ज्योत, कारण तिथे हवा भरपूर. टोक ज्योतीच्या बाहेरच ठेवून हलकं फुंकलं की पिवळी, न जळलेल्या कार्बनची ज्योत आडवी होते, ती रिड्यूसिंग, ती धातूच्या संयुगातून ऑक्सिजन काढून घेते. एकच दगड ह्या दोन जागी दोन वेगळी उत्तरं देतो आणि दोन्ही उत्तरं लागतात. आणि स्पिरिटचा दिवा नको, त्याची ज्योत मुळातच फार स्वच्छ, रिड्यूसिंगला दमछाक होते. जाड वातीची मेणबत्ती किंवा तेलाचा दिवा बरा.

दगडाचा तुकडा मोहरीएवढा पुरतो. मोठा घेतलात तर तापणारच नाही आणि मग म्हणाल पुस्तक खोटं.

सनईचौघडा
मुलांचं नेहमी कुठे अडतं सांगू का? श्वासावर. फुंकताना श्वास संपला की ज्योत मोडते आणि तुकडा थंड होतो. इथे छातीने फुंकायचंच नसतं, गालात हवा भरून ठेवायची, गालांनी ढकलायची आणि तेव्हाच नाकाने श्वास घ्यायचा. सनईवाले आणि पुंगीवाले हेच करतात, सूर तुटत नाही तो ह्याच्यामुळे. सरावाला ग्लासभर पाणी आणि बारीक स्ट्रॉ घ्या, बुडबुडे अखंड यायला लागले की नळी हातात घ्या. गाल दुखतात सुरुवातीला, दुखू देत.

कोळसाछाप
म्हणजे दगड ओळखायला आधी सनई शिकायची. लग्नाचा सीझन पण निघेल, जोडधंदा चांगला आहे.

सोनारआळी
आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. शेगडीजवळ दिवा, तोंडात नळी, हातात चिमटा, डाख लावायचा असेल तर सवागी (म्हणजे टाकणखार, तुमचं बोरॅक्स) आधी लावायची, ती वितळून काचेसारखी पसरते आणि धातूवरचा मळ खाते. सनईचौघडा म्हणतायत ते गालाचं अगदी बरोबर, वडिलांचं फुंकणं बघताना ते श्वास कधी घेतात तेच कळायचं नाही. आता सगळीकडे गॅसचा टॉर्च आलाय, नळी कोपऱ्यात पडलीय. पण ज्योतीचा कुठला भाग कुठे लावायचा हे जे निवृत्त सर लिहितायत ते कारागीर नजरेनेच शिकतो, त्याला ऑक्सिडायझिंग शब्द माहीत नसतो एवढंच.

भूगर्भिणी
सोनारआळी, तुमचा प्रतिसाद फार आवडला कारण इतिहासात नेमकं हेच झालं. नळी सोनारांकडे हजारो वर्षं होती, दगड ओळखायला ती नेली १८ व्या शतकात स्वीडनच्या खाणवाल्यांनी. अँटोन फॉन स्वाब यांनी १७३८ च्या सुमारास वापरल्याचं सांगतात, आणि मग अॅक्सेल क्रॉनस्टेट. ह्या माणसाने १७५१ मधे निकेल शोधलं आणि १७५८ मधे खनिजशास्त्राचं पुस्तक काढलं, तेही स्वतःचं नाव न घालता! त्याआधी खनिजांची विभागणी रंग, आकार, चकाकी बघून व्हायची. हा म्हणाला आत काय आहे त्यावरून करा, आणि आत काय आहे ते बघायला हातात होती ही नळी.

दगडूंसाठी खास: १७५६ मधे ह्याच क्रॉनस्टेटने एक खनिज ज्योतीत धरलं तर ते उकळल्यासारखं फुगून आलं. आत धरून ठेवलेलं पाणी बाहेर पडत होतं. झिओलाइट हे नाव त्या उकळण्यावरूनच पडलं. म्हणजे आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधल्या ह्या अख्ख्या घराण्याचं बारसं फुंकनळीने केलंय, आणि तुम्ही विचारताय अर्थ आहे का.

एक्सरेवाला
बारसं कोणी केलं ह्यावरून शाळेचा दाखला मिळत नाही ताई. इतिहास छान आहे, पण प्रश्न ओळखण्याचा आहे.

अवांतरकुमार
अवांतर करतो, धागाकर्त्यांनी माफ करावं. क्रॉनस्टेटनंतरचा गान नावाचा स्वीडिश माणूस मला सगळ्यात आवडतो. योहान गॉटलीब गान. फारसं लिहिलं नाही, पण नळी चालवण्यात त्याच्या जोडीचा नव्हता. प्रवासातसुद्धा नळी बरोबर. बर्झेलियस ह्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की कागदाचा चौथाई ताव जाळून त्या राखेतून गानने तांब्याचे डोळ्याला दिसणारे कण काढून दाखवले. कागदातून तांबं! बर्झेलियस त्याच्याकडूनच शिकला आणि १८२० मधे फुंकनळीवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते युरोपभर वाचलं गेलं. पुढे १८२२ मधे बर्झेलियसने एगर गावी जर्मन महाकवी गटेला प्रयोग करून दाखवले आणि म्हातारबुवा भलतेच खूश झाले. गटे स्वतः दगड जमवायचा, म्हणजे आपला दगडूच.

दगडू_पुणेकर
आपला दगडू!! हे स्वाक्षरीत टाकतो आता.

एक्सरेवाला
कागदातून तांबं काढणारा माणूस मोठाच, मान्य. पण तो गान होता. आपण गाल दुखले म्हणून चहा प्यायला जाणारी माणसं. पद्धत जर हाताच्या कसबावर इतकी अवलंबून असेल तर तिच्या निकालावर दुसऱ्याने विश्वास का ठेवायचा?

निवृत्त_रसायन
प्रश्न रास्त आहे. उत्तर जर्मनीत फ्रायबर्गच्या खाण अकादमीत मिळालं. हारकोर्टने १८२७ मधे नळीने खनिजातली चांदी मोजायची पद्धत छापली, तिथल्याच प्लाटनरने ती पुढे नेली आणि १८३५ मधे पुस्तक आलं. चांदीचा उरलेला मणी इतका बारीक की तराजूत टाकता येत नाही, तर तो एका पट्टीवरच्या दोन जवळ जवळ येणाऱ्या रेघांमधे सरकवायचा, जिथे अडकेल तिथला आकडा वाचायचा, व्यासावरून वजन. निव्वळ डोकं! तेव्हा नुसता हाताचा खेळ नव्हता हो, मोजमाप होतं.

पण तुमचीही बाजू सांगतो. १८४६ मधे ह्याच प्लाटनरने एल्बा बेटावरच्या पोलुसाइट नावाच्या खनिजाचं रासायनिक विश्लेषण केलं तर बेरीज ९३ टक्क्यांच्या आतच अडकली, काही केल्या शंभर होईना. आत सिझियम होतं आणि ते मूलद्रव्य तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, त्याने ते पोटॅशियम धरलं. १८६० मधे बुन्सेन आणि किर्खहॉफने वर्णपटातून सिझियम शोधलं, मग पुढे उलगडा झाला. इतका पक्का हाताचा माणूस, पण ज्याची खूणच ठाऊक नाही ते त्याला तरी कसं दिसणार?

नागपुरी_संत्रं
तुम्ही लोक झिओलाइटवरच अडकून राहिले भाऊ. नळीची खरी मजा आमच्याकडे विदर्भात, मॅंगनीज. भंडारा, नागपूर, तिकडे बालाघाटपर्यंत काळा दगड काय कमी आहे का? तारेचं टोक वळवून बारीक गोल कडी करायची, तापवून बोरॅक्समधे बुडवायची, पुन्हा तापवली की काचेचा मणी. त्याला मॅंगनीजची चिमूट नाही, चिमटीतली धूळ लावायची, ऑक्सिडायझिंग ज्योतीत मस्त जांभळा, आणि रिड्यूसिंगमधे धरला की रंग गायब. पुन्हा बाहेरच्या ज्योतीत न्या, पुन्हा जांभळा. पोरं येडी होतात बघून. जास्त माल लावला तर मणी काळा ठिक्कर, काहीच दिसत नाही, तेव्हा कंजूषपणा करायचा.

लोखंड असेल तर बाहेरच्या ज्योतीत पिवळा, आतल्या ज्योतीत बाटलीसारखा हिरवा. कोबाल्ट असेल तर दोन्हीकडे गडद निळा, त्याला काही फरकच पडत नाही.

मालवणी_माशे
आमच्या कणकवलीक जानवली-वागद्याक क्रोमाइट गावता. काळो दगड, बघून मॅंगनीज की लोखंड काय समजणां कठीण. बोरॅक्सच्या मण्याक लावलास की थंड झाल्यार हिरवोगार. एवढ्याच कामासाठी नळी ठेवलंय.

सोनारआळी
तार कसली वापरता? प्लॅटिनम परवडत नाही आणि ज्याला परवडतं तो दगड कशाला बघत बसेल.

निवृत्त_रसायन
बहुतेक लोक निक्रोम घेतात, हीटरच्या कॉइलमधली. ज्योतीचा रंग बघायला चालते. बोरॅक्सच्या मण्याला मात्र जपून, निक्रोममधे निकेल आणि क्रोमियम दोन्ही असतात आणि तापलेलं बोरॅक्स ते थोडं विरघळवतं, मग माशेंचा हिरवा मणी क्रोमाइटचा की तारेचा ते ठरवत बसा. आधी नुसत्या बोरॅक्सचा मणी करून पाहायचा, तोच रंगीत आला तर तार बदला.

काळजीवाहू
इतके प्रतिसाद झाले आणि सुरक्षेवर एकही नाही? जुन्या पुस्तकात बिनधास्त लिहिलंय की आर्सेनिक असेल तर लसणाचा वास येतो, वास घ्यावा. अजिबात घेऊ नका. सिनाबारमधून पाऱ्याची वाफ येते, गॅलेनामधून शिशाचा धूर. कोळशाच्या खळग्यात शिशाचा मऊ मणी आणि बाजूला पिवळा थर बसतो ते दिसायला छान दिसतं, पण ते घरात करायचं काम नाही. माहीत नसलेला धातूसारखा चमकणारा दगड घरात तापवूच नये हा माझा नियम. आणि लक्षात ठेवा, चष्मा हवाच. पुष्कळ खनिजं तापली की तडतडून उडतात.

भूगर्भिणी
काळजीवाहूंना +१. झिओलाइटमधून बाहेर पडतं ते बहुतेक पाणीच, त्यामुळे घरच्यांसाठी तो गट त्यातल्या त्यात बरा. एका बाजूने बंद असलेल्या बारीक काचेच्या नळीत चुरा टाकून तापवला तर वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमतात. क्वार्ट्झ टाकाल तर काहीच नाही. आणि कॅव्हन्साइट नावाच्या खनिजाच्या निळ्या गोळ्याला कोणी हात लावाल तर याद राखा, वाघोलीचा तो माल जगभरच्या संग्रहालयांत जातो, तापवायला नाही.

आता थोडं मूळ प्रश्नाकडे. कोबेल नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने वितळण्याची एक मोजपट्टी केली होती, कठीणपणाची जशी मोह नावाच्या शास्त्रज्ञाची तशी ही. पहिला स्टिबनाइट, साध्या मेणबत्तीतसुद्धा सहज वितळतो. दुसरा नॅट्रोलाइट, सुईसारखा बारीक असेल तर मेणबत्तीच्या ज्योतीत जमतं. मग अल्मांडाइन गार्नेट, अॅक्टिनोलाइट, ऑर्थोक्लेज, सहावा ब्रॉन्झाइट ज्याच्या जेमतेम कडा गोल होतात, आणि सातवा क्वार्ट्झ, तो नळीला दादच देत नाही. म्हणजे दगडूंच्या तीन संशयितांपैकी एक तर खुद्द मोजपट्टीवरच बसलाय. (हा कोबेल बव्हेरियन बोलीत कविता पण करायचा, हे अवांतरकुमारांसाठी.)

अवांतरकुमार
पोचलं! दगड आणि कविता, दोन्ही न विकली जाणारी.

एक्सरेवाला
ठीक आहे, मी तुमच्याच मैदानात येतो. नॅट्रोलाइटमधे सोडियम, स्कोलेसाइटमधे कॅल्शियम, मेसोलाइटमधे दोन्ही. एक्सआरएफ कॅल्शियम लगेच दाखवतं. संपला विषय.

नागपुरी_संत्रं
आणि सोडियम? हातातल्या यंत्राला सोडियम दिसते का भाऊ? मॅग्नेशियमच्या खालचं काही दिसत नाही ना त्याले.

एक्सरेवाला
नाही दिसत, खरं आहे. पाणी पण नाही, लिथियम नाही, बोरॉन नाही. पण कॅल्शियम अजिबात नसेल तर तो स्कोलेसाइट नाही एवढं तर कळतं? अर्धं काम झालं की.

निवृत्त_रसायन
हेच अर्धं काम नळी चाराण्यात करते हो. दगडू, असं करा.

सुईचा तुकडा चिमट्याने धरा, टोक निळ्या शंकूच्या पुढे न्या. स्कोलेसाइट असेल तर तो आधी वळवळतो, अळीसारखा मुरडतो आणि मग बुडबुड्यांनी भरलेल्या पांढऱ्या गोळीत वितळतो. १८१३ मधे गेहलेन आणि फुक्सने त्याला नाव दिलं तेही ह्या मुरडण्यावरूनच. नॅट्रोलाइट शांतपणे वितळतो, गोळी स्वच्छ काचेची, आणि ज्योत भरपूर पिवळी. पिवळ्या रंगावर मात्र एकट्यावर भिस्त ठेवू नका, बोटाचा घाम लागला तरी ज्योत पिवळी होते. तुकडा हाताने न धरता पाण्यातून काढून घ्या, आणि रंगापेक्षा वितळताना तो कसा वागतो ते जास्त बघा.

अॅपोफायलाइट असेल तर पापुद्रे सुटतात आणि निळ्या कोबाल्ट काचेतून बघितलं तर पोटॅशियमची जांभळट छटा दिसते. स्टिलबाइट फुगून पंख्यासारखा उलगडतो. पण हेउलँडाइट पण जवळपास तसाच वागतो, त्या दोघांना नळीने वेगळं करायला जाऊ नका, त्यांचे स्फटिक बघा, डोळ्यांनी लवकर कळतं.

दगडू_पुणेकर
सर, केलं! सोन्या मारुतीच्या बाजूला सोनारी हत्यारांच्या दुकानात नळी मिळाली, दुकानदाराने विचारलं कुठली पेढी, मी म्हटलं दगडांची. स्ट्रॉ आणि ग्लासचा सराव करून घरच्यांचा पुरेसा छळ झाला, मग बसलो.

नाशिककडच्या गुच्छाची सुई खरोखर वळवळली. वाचून माहीत होतं तरी बघताना मजा वाटली, टोक वर उचललं गेलं, मुरडलं आणि मग फेसाळ पांढरी गोळी. जळगावच्या मालातल्या सुयांचंही तेच. ज्या दगडावर विकणाऱ्याने नॅट्रोलाइट म्हणून वेगळं लेबल लावलं होतं, जास्त पैशाचं, तोसुद्धा मुरडलाच. म्हणजे सगळे स्कोलेसाइट? की काही मेसोलाइट? मेसोलाइट कसा वागतो ते सांगितलंच नाहीत तुम्ही.

कोळसाछाप
विकणारा पण वळवळला असेल हे ऐकून.

निवृत्त_रसायन
मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण तिथे नळी हात टेकते. मेसोलाइटही पांढरा पडतो, फुगतो, मुरडतो आणि वितळतो. दोघांचे काही बारकावे पुस्तकांत दिलेत, पण घरच्या मेणबत्तीवर त्यांच्यावर पैज लावू नये. लेबलवालं नॅट्रोलाइट नाही एवढं मात्र तुम्ही आता छातीठोक म्हणू शकता, आणि दख्खनच्या बेसॉल्टमधे खरा नॅट्रोलाइट तसाही कमीच, सुया बहुतेक स्कोलेसाइट किंवा मेसोलाइटच्या. पैसे वाचले की नाही?

भूगर्भिणी
शिवाय एकाच गुच्छात दोन्ही असू शकतात, खाली एक आणि टोकाला दुसरा. त्यामुळे एका सुईवरून अख्ख्या दगडाचं लेबल लिहू नका.

एक्सरेवाला
बरं, मी काही इतका खडूस नाही. दगडू, प्रत्येक गुच्छाच्या दोन-तीन सुया वेगवेगळ्या कागदात घालून, वर खाली कुठून तोडल्या ते लिहून पाठवा, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. रामनवर टाकून बघतो. फक्त तुमचा नळीचा निकाल मला आधी सांगू नका, मला पण बघायचंय कोण कितपत बरोबर येतं.

दगडू_पुणेकर
पाठवतो! निकाल पाकिटात बंद करून ठेवतो.

सोनारआळी
उशिरा विचारतोय, कोळशावरचं काम करायचं असेल तर कोळसा कुठला? आमच्याकडे बाभळीचा असतो, तापला की ठिणग्या उडवतो. बार्बेक्यूच्या पिशवीतला चालेल का?

निवृत्त_रसायन
दाबून केलेल्या वड्या नकोत, त्यात माती आणि चुना मिसळलेला असतो, तुमच्या दगडाआधी त्याचीच राख बोलायला लागते. हलक्या लाकडाचा, एकसंध, भेग नसलेला तुकडा बघा. सपाट बाजूवर चाकूच्या टोकाने छोटा खळगा करा आणि तुकडा ज्योतीकडे तिरका धरा, म्हणजे उडालेला थर मागच्या बाजूला बसतो आणि दिसतो. आणि शिशाचं काही करायचं असेल तर काळजीवाहूंना विचारून, खिडकीत नाही, अंगणात.